गाडी जिथं बंद पडली

‘चासी नंबर भरा’ असं पडद्यावर आलं आणि मी बॅटरी घेऊन पडवीत गेलो.

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदलेल्या प्रत्येक गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून घ्यायची आहे. घरातल्या चारचाकीचा अर्ज पाच मिनिटांत भरून झाला. अडलं ते आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, एम-80 दुचाकीपाशी. आरसी बुक घड्या पडून पडून नेमकं चासी नंबराच्या ओळीवर फाटलेलं, आणि गाडीवरचा नंबर रंग, गंज आणि मातीच्या थराखाली गेलेला. पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासलं. मग कोरा कागद घट्ट धरून पेन्सिलीचं शिसं आडवं करून वरून फिरवलं. काळ्या शिशात एकेक आकडा पांढरा होऊन वर आला. 1990 साली गाडी नवी असताना एका एजंटानं असाच कागद धरला होता आणि आप्पांनी मला जवळ बोलावून दाखवलं होतं, ‘बघ, गाडीचा अंगठा घेतलाय.’

घासताना जी माती खाली पडली ती काळी होती. फाट्यापासून आत सात किलोमीटरवरच्या, आप्पांच्या शाळेच्या गावाची. बोटाला ती लागली आणि एकामागून एक गावं आठवायला लागली. परभणी जिल्ह्याशी माझी जी काही ओळख आहे ती गाडी बंद पडलेल्या जागांची आहे. कुठल्या फाट्यावर सावली आहे, कुठल्या शेतातल्या आखाड्यावर पाणी मिळतं, कुणाच्या घरात नक्की दहा-अकराचा पाना सापडतो, हे सगळं मला थांबावं लागलं म्हणून कळलं.

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आम्ही जिंतूरला राहायचो आणि त्यांची शाळा बोरीच्या बाजूला, फाट्यावरून आत. बारा वर्षं त्यांनी सायकल मारली. वाळूजला 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला, पुढच्या वर्षी एम-80 बाजारात आली, आणि दोन-तीन वर्षांत आमच्या भागातले निम्मे गुरुजी, ग्रामसेवक आणि दूधवाले तिच्यावर दिसायला लागले. आप्पांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं. गाडी दारात आली तेव्हा मायनं चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडून त्याचं पाणी इंजिनावर शिंपडलं. नंबर एमएच-22 चा. एमएचनं सुरू होणाऱ्या नंबरांची ही नवी पद्धत येऊन तेव्हा वर्षच झालं होतं, त्यामुळं नुसत्या नंबरवरून गाडी नवी आहे हे लोकांना कळायचं आणि आप्पांना ते आवडायचं.

त्या गाडीच्या बाजूच्या डिक्कीत प्लगपाना, जुना प्लग, एक फडकं आणि एक खुरपं असे. पाहुणे खुरपं बघून विचारायचे. ज्यांनी पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी घातली आहे त्यांना विचारावं लागत नाही. आमची माती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मिरग बरसला की तीच माती कणकेसारखी होते. चाक दहा हात पुढं जातं तोवर टायरला बोटभर थर बसतो, आणखी दहा हात गेलं की तो थर मडगार्डला लागतो, आणि मग टायर आणि मडगार्डच्या मधली सगळी जागा मातीनं ठासून भरते. चाक फिरायचं थांबतं. इंजिन चालू, क्लच सोडलेला, मागचं चाक जागेवर घुमतंय आणि पुढचं लाकडाच्या ओंडक्यासारखं घसरत चाललंय. म्हणून लोक फाट्यावरच्या ओळखीच्या घरी गाडी लावून, चपला हातात घेऊन गावात चालत जायचे. आप्पा मात्र गाडी नेत. शाळा दहाला भरते म्हणजे दहाला भरते.

1991 च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यामागं बसलो होतो. ओढ्याच्या अलीकडच्या सखल लवणात गाडी अडकली. आप्पांनी धोतर नव्हे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खुरपं काढलं आणि बसून मडगार्डमधली माती कोरायला लागले. खुरप्याचं टोक आत जाई आणि मातीचा लांब, चकचकीत, काळा तुकडा बाहेर येई, त्याच्यावर टायरच्या नक्षीचा ठसा जसाच्या तसा. मी त्यातला एक तुकडा हातात घेऊन बघत बसलो. तेवढ्यात आखाड्यावरून हाक आली, ‘काय झालं गुरुजी, बंद पडली का?’

‘नाही रे, चाक धरलंय.’

‘थांबा, येऊलालो.’

तिशीतला माणूस, खांद्यावर बैलांच्या नव्या वेसणी, हातात एक तुराटी. तो समोर बसला आणि दुसऱ्या बाजूनं कोरायला लागला. दोघांनी पुढचं मडगार्डच काढून टाकलं. ते त्याच्या आखाड्यावरच्या आढ्याला दिवाळीपर्यंत टांगलेलं होतं. पावसाळा संपला की आप्पा ते परत आणून बसवायचे, पुढच्या मिरगाला पुन्हा त्याच आढ्याला टांगायचे. असं किती वर्षं चाललं हे मला सांगता येणार नाही, पण त्या घरच्या दोन पोरी आप्पांच्या हाताखाली सातवीपर्यंत शिकल्या एवढं माहीत आहे.

मामांची राजदूत होती सेलूला. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन आणि मधे मामा. ती कधी बंद पडलेली मला आठवत नाही, म्हणून तिच्याबद्दल सांगण्यासारखंही फार काही उरलेलं नाही.

गाडी माझ्या हातानं बिघडली ती 1993 मध्ये. कृषी विद्यापीठात प्रवेश घ्यायला मी परभणीला निघालो होतो, अठरा वर्षांचा, पहिल्यांदा एवढ्या लांब एकटा. वाटेत पेट्रोल रिझर्व्हला आलं. पंप लांब होता. त्या काळी किराणा दुकानात काचेच्या बाटलीत पेट्रोल मिळायचं, तसं एक बाटली घेतलं आणि ओतलं. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं वंगण मिळत नाही, पेट्रोलमधून जाईल तेवढंच. लिटरभर पेट्रोलला 20 मिली ऑइल हे आप्पांनी मला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं. घाईत तेच विसरलो. झरी गावाच्या अलीकडं इंजिनाचा आवाज कोरडा व्हायला लागला, जणू भांड्यात खडे हलवतायत. मला तो ऐकू आला होता. मी तरी एक्सलेटर पिळत राहिलो. मग एकदम मागचं चाक जाम झालं आणि डांबरावर काळी रेघ ओढत गाडी आडवी गेली.

गुडघा फुटला, तो काही विशेष नाही. विशेष तो पिठाच्या गिरणीवाला. पांढऱ्या भुवयांवर पीठ बसलेला तो माणूस गिरणी बंद करून रस्त्यावर आला. मी इंजिनावर पाणी मारायला बाटली उघडली होती. त्यानं हात धरला. ‘अजिबात पाणी मारू नको, तडकंल. बसू दे तिला. तू पण बस.’ त्याच्या गिरणीला डिझेल इंजिन होतं, त्याला उष्णतेचं कळत होतं. त्यानं टाकीचं झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून दोन बोटांत चोळलं आणि म्हणाला, ‘ऑइल नाही यात.’ मला तेव्हा रडू आलं. प्रवेशाची तारीख आजची, गाडी आप्पांची, चूक माझी. त्यानं घरातून भाकरी आणि वरण आणलं, मी जेवलो, मग बाजाराला निघालेल्या एका टेम्पोत गाडी चढवून दिली. पैशांचं नाव काढू दिलं नाही. पुढं चार वर्षं परभणीहून घरी जाताना मी त्या गिरणीशी थांबत आलो. कधी विद्यापीठातलं बियाणं दिलं, कधी नुसतं बसलो. गिरणी चालू असेल तर तो बोलत नसे, खुणेनं बस म्हणे.

आप्पांनी इंजिन बघितलं, पिस्टनवरचे ओरखडे बघितले आणि एवढंच विचारलं, ‘आवाज आला होता ना आधी?’ मी हो म्हणालो. त्यावर ते काही बोलले नाहीत. मला आयुष्यात मिळालेलं ते सगळ्यात कडक बोलणं आहे.

सिलिंडर आतून घासून बोअर करायला गाडी परभणीत स्टेशनच्या बाजूच्या एका चाचांकडे दिली. त्यांच्याकडं मी नंतर सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायला लागलो आणि दोन वर्षांत जे शिकलो ते कुठल्याही वर्गात शिकलो नाही. चाचा गाडी आली की लगेच पान्याला हात घालत नसत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायचे. डोळे मिटलेले. टोक हेडवर, मग बोअरवर, मग खाली क्रँककेसवर. चालू इंजिनाच्या पोटातला प्रत्येक आवाज त्या लोखंडातून वेगळा होऊन वर येतो. पिस्टनची पिन सैल असेल तर टकटक हलकी आणि उंच, खालचं बेअरिंग गेलं असेल तर जड आणि खोल. ‘पहले सुनने का, बाद में खोलने का,’ हे त्यांचं वाक्य. शर्टाच्या खिशात करवतीच्या पात्याचा एक तुकडा असायचा, तो प्लगच्या गॅपमध्ये घालून बघायचे. नीट जाऊन किंचित अडला की गॅप बरोबर. मी एकदा गेज घेऊन तपासलं, पात्याची जाडी 0.6 मिलिमीटरच्या आसपास भरली, आणि पुस्तकातही तेवढंच लिहिलेलं होतं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं लोक आमच्या गावाला हिणवून म्हणतात. त्या गॅरेजात बसलेल्या माणसाला हे म्हणणं कधीच पटणार नाही. तिथं बनवल्याशिवाय गाडी बाहेर पडत नव्हती.

चाचांनीच मला येझदी मिळवून दिली, 1996 मध्ये, निवृत्त झालेल्या एका ओव्हरसीयरची. येझदीचा म्हैसूरचा कारखाना त्याच वर्षी बंद झाला. त्यामुळं माझ्या हातात आली ती माहेर तुटलेली गाडी. पार्ट हैदराबादहून यायचे. जुन्या निजामी राज्याची सवय म्हणा की सिकंदराबाद-मनमाड रेल्वेची सोय, परभणीच्या मिस्त्र्यांचं तोंड पुण्यामुंबईपेक्षा हैदराबादकडं जास्त. येझदीला किक आणि गिअर एकाच दांडीत. दांडी आत दाबून वर वळवली की किक, पुन्हा खाली पाडली की गिअर. दोन सायलेन्सर, आणि आवाज असा की गल्लीत वळायच्या आधी माय चहा ठेवायची.

आषाढात एकदा रात्री गंगाखेडहून येताना ती बंद पडली. दैठण्याच्या आसपास रस्त्याकडेला एक दिंडी मुक्कामाला होती, पंढरपूरच्या वाटेवरची. प्लगला कार्बन धरलेला, हाताला चटके बसतायत, काही दिसत नाही. एक म्हातारे वारकरी उठून आले आणि मी काही न सांगता बॅटरी धरून उभे राहिले. मी प्लग पॉलिश पेपरनं साफ केला, फुंकला, बसवला. दुसऱ्या किकला गाडी लागली. ते म्हणाले, ‘झालं? मग जा आता, उशीर करू नका,’ आणि जाऊन झोपले. त्यांचा चेहरा मी पाहिलाच नाही, उजेड माझ्या हातावर होता.

लग्नानंतर 2003 मध्ये मी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातलं तिचं उत्पादन तोवर थांबलं होतं आणि मुंबईच्या टॅक्सीसाठी तिला पार्ट मिळत होते, म्हणून परवडेल असा हिशेब केला. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सलग बाकासारखी. त्या सीटवर आम्ही दोघं, मधे वर्षाची मुलगी, मागं आप्पा आणि माय, असे मे महिन्यात अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालो. सकाळी निघायचं ठरलं होतं. निघालो अकराला. त्याचं फळ परळी सोडून बालाघाटाचा चढ लागल्यावर मिळालं. गाडी दोन-तीन आचके देऊन उभी राहिली.

दोष तिचा नव्हता. उन्हाचा होता आणि आमच्या अकरा वाजता निघण्याचा होता. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस तापमान, चढावर इंजिन तापलेलं, आणि पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला. मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफेवरच हलत राहतो आणि कार्बुरेटरला थेंब पोचत नाही. उपाय सोपा आहे, पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि वाट बघायची. पण आमच्याकडचं पाणी मुलीसाठी होतं आणि फडकं डिक्कीत ग्रीसनं माखलेलं.

वर शेतात कडुलिंबाखाली एक घर होतं. मी पोचायच्या आत आजी दारात. नऊवारी लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण. ‘लेकराला आधी आत आण. गाडीचं मागून बघ.’ लिंबाखालच्या बाजेवर मुलीला निजवलं. मायला आणि बायकोला माठातलं पाणी दिलं. मग मी फडकं मागितलं तेव्हा आजीनं आतून एक धुतलेलं जुनं लुगडं आणलं, दाताला लावून टर्रकन फाडलं आणि हातभर तुकडा रांजणाच्या पाण्यात बुडवून दिला. त्या कापडाचा रंग अजून डोळ्यासमोर आहे. जांभळा, पण इतका धुतलेला की पाण्यात भिजल्यावरच जांभळा दिसत होता. पंपावर गुंडाळलं तेव्हा चर्र आवाज आला आणि वाफ निघाली. पाच मिनिटांत कोरडं. पुन्हा भिजवलं. आजी वरून बघत होत्या, म्हणाल्या, ‘ताप उतरल्याबिगर उठवू नको तिला.’

ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच होतो. ज्वारीची भाकरी, कैरीची चटणी, ताक. आप्पांनी आजींच्या नातवाची पाटी तपासली. निघताना मायनं आजींच्या नातीच्या हातावर पैसे ठेवले तर आजींनी ते परत मायच्या पिशवीत टाकले आणि वर चार कैऱ्या घातल्या. त्यानंतर अंबाजोगाईला गेलो की ते घर चुकलं नाही. नातीच्या लग्नाची पत्रिका आली, आम्ही पाचही जण गेलो. आजी गेल्याचा निरोप मात्र दोन महिने उशिरा पोचला. लुगड्याचा तो तुकडा पद्मिनीच्या डिक्कीत राहिला, दर उन्हाळ्यात कामाला आला. 2011 मध्ये गाडी मोडीत दिली तेव्हा गाडीतून मी तेवढाच काढून घेतला.

टू-स्ट्रोकच्या निळ्या धुराचा मला पुळका नाही. तो चाचांच्या छातीत किती वर्षं साठला हे मी पाहिलं आहे. आणि माझी मुलगी पट्टा नसलेल्या सलग सीटवर बसलेली आज मला चालणारही नाही. आताची गाडी थंड आहे, सुरक्षित आहे, सहा वर्षांत वाटेत कधी थांबली नाही. गेल्या वर्षी त्याच चढानं जात होतो. मुलीला म्हटलं, ते बघ लिंबाखालचं घर, तिथं तू बाजेवर झोपली होतीस. तिनं काच खाली करेपर्यंत घर मागं गेलं होतं. मागून ट्रक होता, मला थांबता आलं नाही. मी हे कितीतरी दिवस मनात घेऊन फिरतोय, की अंबाजोगाईपर्यंत पोचायला आता आम्हाला वाटेतल्या कुणाचीच गरज लागत नाही.

नंबर प्लेट आली. बसवणाऱ्या पोरानं एम-80 कडं बघून विचारलं, चालू आहे का? मी किक मारून दाखवली, तिसऱ्या किकला. त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि वडिलांना पाठवतो म्हणाला.

त्या रविवारी पाऊस उघडला होता. मी गाडी काढली आणि फाट्यावरून आत वळलो. सात किलोमीटर आता डांबरी आहेत. ओढ्यावर पूल आहे. ते लवण भरून घेतलंय, कुठं होतं ते सांगता येऊ नये इतकं. मडगार्ड दोन्ही जागेवर, टायर कोरडे, गाडी सुरात. खुरपं डिक्कीत खडखड वाजत होतं. आखाड्यासमोर आलो तर पत्र्याची नवी शेड, ट्रॅक्टर, आणि ओट्यावर एक म्हातारा माणूस सुतळी वळत बसलेला. मी क्लच दाबला, एक्सलेटर सोडला आणि गाडी कडेला घेऊन बंद केली.

त्यांनी मान वर केली. आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

‘काय झालं, बंद पडली का?’

‘हो,’ मी म्हणालो.

त्यांनी सुतळी बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, ‘थांबा, येऊलालो.’